घरच्या बागेतला कढीपत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कढीपत्ता मुळात सह्याद्रीच्या जंगलात वाढणारा छोटा वृक्ष आहे. मोकळ्या जमिनीत तो ४ ते ६ मीटर उंच होतो, बाल्कनीतल्या कुंडीत कमरेइतका राहतो. दोन्हीकडे तो वर्षानुवर्षे पाने देतो. त्याचे कूळ लिंबू-संत्र्याचे आहे हे एकदा लक्षात घेतले की त्याच्या आवडीनिवडी, किडी आणि पाने पिवळी पडण्याची कारणे समजायला सोपी जातात. खालच्या उत्तरांत हा मुद्दा वारंवार येईल.

कुंडीत लावावा की जमिनीत?

जागा असेल तर जमिनीतच लावावा. जमिनीतल्या झाडाला जेवढी पाने येतात, तेवढी कुंडीतल्या झाडाला कधीच येत नाहीत. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल पुरतो. त्यात निम्मी वरची माती, निम्मे कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड भरावी. कोकणातल्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत याहून जास्त काही करावे लागत नाही. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मात्र खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाण्याची टाकीच होते. तिथे खड्डा घेण्याऐवजी जमिनीवर फूटभर उंच वाफा करून त्यात रोप लावावे. भिंतीपासून आणि सांडपाण्याच्या पाइपांपासून किमान ४ फूट अंतर ठेवावे.

फ्लॅटमध्ये कुंडीला पर्याय नाही. रोज सहा तास ऊन मिळत असेल तर कुंडीतले एक निरोगी झाड चौघांच्या घराची फोडणी सहज भागवते. तीन तासांपेक्षा कमी ऊन असेल तर झाड जगते, पण पाने विरळ येतात आणि वासही कमी.

बी लावू, जुन्या झाडाचा धुमारा आणू की नर्सरीतून रोप?

सर्वात लवकर पाने हवी असतील तर नर्सरीतले दीड-दोन फुटी रोप आणा. फुकट आणि खात्रीचे हवे असेल तर धुमारा. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर मुळातून पिल्ले फुटतात. त्यातले ६ ते ८ इंचांचे पिल्लू निवडा आणि पहिल्या पावसानंतर, माती मऊ असताना, बाजूने उकरा. पिल्लाला स्वतःची तंतुमुळे आहेत का ते पाहूनच मोठ्या मुळापासून धारदार कात्रीने तोडा. तंतुमुळे नसतील तर माती परत लोटा आणि महिनाभर थांबा. नुसते उपटलेले पिल्लू आठवडाभर हिरवे दिसते आणि मग वाळते. लावल्यावर निम्मी पाने काढून टाका आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा.

बी लावायचे असेल तर ताजेपणा सांभाळा. कढीपत्त्याचे बी साठवून टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवणशक्ती संपत जाते, म्हणून पाकिटातले सुके बी विकत घेण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात झाडावरची फळे काळी आणि मऊ झाली की तोडावीत, गर चोळून धुवून काढावा आणि बी त्याच दिवशी अर्धा इंच खोल पेरावे. साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतात. पहिल्या वर्षी रोप वीतभरच वाढते. हे सगळ्या रोपांचे असेच असते, खत वाढवून घाई करू नका.

बाजारातल्या जुडीची काडी पाण्यात ठेवली तर मुळे फुटतात का?

नाही. जुडीत जी हिरवी काडी असते ती फांदी नसून एका संयुक्त पानाचा, म्हणजे अनेक छोट्या पर्णिका मिळून झालेल्या एकाच पानाचा, दांडा असतो. त्यावर डोळा, म्हणजे नवी फांदी फुटण्याची जागा, नसतो, त्यामुळे त्यातून झाड होऊच शकत नाही. खऱ्या फांदीची कलमे लागतात, पण कमी. पेन्सिलीएवढ्या जाड, अर्धवट पक्व फांदीचे तुकडे, मुळे फुटण्याची पावडर आणि वर प्लॅस्टिकचे आच्छादन, एवढे करूनही बरेच तुकडे वाया जातात. धुमारे मिळत असताना हा खटाटोप करू नये.

नर्सरीत रोप घेताना काय पाहावे?

पान चुरगळून वास घ्यावा. जवळचीच कामिनी पानांनी थोडी सारखी दिसते, पण तिच्या पानाला कढीपत्त्याचा वास नसतो. कडुनिंबाच्या लहान रोपाशीही गल्लत होते. कडुनिंबाच्या पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या ठळक दातेरी असतात, कढीपत्त्याच्या जवळपास सपाट. विदर्भात मागताना गोडलिंब म्हणा, नाहीतर भलतेच रोप हातात येईल.

एका पिशवीत चार-पाच रोपे एकत्र लावलेली असतील तर ती भरगच्च दिसतात, पण पुढे एकमेकांची वाढ मारतात. एकच, बुंध्याला जाड, खालून फुटवा असलेले रोप घ्या. उंची पाहू नका. पानांची खालची बाजू आणि शेंडा नीट बघा. तिथे पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले असतील तर ते रोप घरी आणू नका.

कोणती जात चांगली?

धारवाडच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या डीडब्ल्यूडी-१ आणि डीडब्ल्यूडी-२ या नावाजलेल्या आहेत. दोन्हींना सुगंध उत्तम. पहिली थंडीत बराच काळ झोपते, दुसरी थंडी जास्त सोसते, म्हणून पुणे-नाशिककडे दुसरी सोयीची. पण बहुतेक नर्सऱ्यांत जातीचे नाव लिहिलेले नसते. तेव्हा ज्या झाडाची पाने तुम्हाला स्वयंपाकात आवडतात त्याचा धुमारा आणणे हाच सर्वात भरवशाचा मार्ग. धुमाऱ्यात मूळ झाडाचे गुण तसेच्या तसे उतरतात, बियांपासूनच्या रोपात थोडा फरक पडू शकतो.

कुंडी किती मोठी आणि माती कशी?

लहान रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नये. मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि मुळे सडतात. फूटभर रोपाला ८ ते १० इंची कुंडी, पुढच्या वर्षी १४ इंची, आणि शेवटी १८ इंची कुंडी किंवा तेवढी ग्रो बॅग.

मातीचे मिश्रण घमेल्याने मोजा: चार भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, तीन भाग शेणखत अथवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. वर १८ इंची कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनदा धुवून घ्यावे, त्यात मीठ असते. तळाला भोके किमान चार हवीत आणि कुंडी दोन विटांवर उचललेली हवी. हे उचलणे फार महत्त्वाचे आहे. फरशीला चिकटलेल्या कुंडीची भोके महिन्याभरात गाळाने बुजतात.

पाणी किती आणि कधी?

दिवस मोजून पाणी घालू नका. बोट पेरभर मातीत घाला. कोरडे लागले तरच पाणी द्या, आणि देताना तळातून निघेपर्यंत द्या. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर रोज लागेल, पावसाळ्यात आठ-आठ दिवस अजिबात लागणार नाही, डिसेंबरमध्ये आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाका. घरच्या बागेत कढीपत्ता दगावतो तो बहुतेक वेळा पाणी साचून.

झाड काठीसारखे सरळ उंच चालले आहे, फांद्याच नाहीत. काय करावे?

शेंडा कापा. कढीपत्त्याची वाढ शेंड्याकडून चालते. शेंडा शाबूत असेपर्यंत खालचे डोळे झोपून राहतात. कोणतेही पान खोडाला जिथे चिकटते त्या बेचक्यात नीट पाहा, मोहरीएवढा हिरवा फुगवटा दिसेल. पुढची फांदी तिथूनच येणार आहे.

रोप १ फुटाचे झाले की वरचे दीड-दोन इंच कापा. काप एका निरोगी पानाच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका, धारदार कात्रीने. बोटांनी पिळून तोडल्यास साल सोलली जाते आणि तिथून फांदी मागे वाळत येते. वाढीच्या हंगामात, म्हणजे मार्च ते सप्टेंबर, दोन ते चार आठवड्यांत कापाखालचे दोन-तीन डोळे फुटतात. त्या फांद्या ८-१० इंचांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे कापा. दोन पावसाळ्यांत झाड गोल आणि दाट होते.

झाड आधीच पाच फुटांची उघडी काठी झाले असेल तर धीर करून मोठी छाटणी करावी लागते. फेब्रुवारीअखेर, थंडी सरल्यावर, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर कापा. महिनाभर नुसता खुंट दिसेल. तेवढ्या काळात पाणी निम्म्यावर आणा, कारण पाने नसलेले झाड पाणी ओढत नाही. कोंब दिसले की मगच खत. आजारी, मुळे सडलेल्या झाडावर मात्र हा प्रयोग करू नये.

रोज फोडणीसाठी पाने कशी तोडावीत?

एक-एक पर्णिका ओरबाडू नका आणि खालची पाने तेवढी काढत वर जाऊ नका. अशाने काठीच्या टोकाला झुपका उरतो. फांदीच्या टोकाचा चार-पाच पानांचा शेंडा पूर्ण कापून घ्या. स्वयंपाकाला पानेही मिळतात आणि तीच छाटणीही होते. आज एक फांदी, उद्या दुसरी, असे फिरत राहावे. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पाने काढू नयेत.

पहिले वर्षभर रोपाला स्वयंपाकासाठी हात लावू नका, शेंडा कापण्यापुरताच अपवाद.

पाने पिवळी पडत आहेत. कशाची कमतरता?

कोणती पाने पिवळी आहेत हे आधी पाहा, औषध नंतर.

शेंड्याची नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे असेल तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह नसते असे नाही. बोअरच्या जड पाण्याने किंवा चुनखडीने मातीचा सामू (पीएच) ७.५ च्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. लिंबू-संत्र्यातही हेच होते. उपाय: हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ३ ग्रॅम आणि लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड) १ ग्रॅम, ताजे द्रावण करून संध्याकाळी पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण गंजासारखे तांबडे झाले तर ते ओतून द्या, त्याचा उपयोग संपलेला असतो. फवारताना फरशीवर गोणपाट टाका, डाग जात नाहीत. दुकानात हिराकस फिकट हिरवे असते. निळे दिले तर ते मोरचूद आहे, ते घेऊ नका. फवारणीनंतर दोन आठवडे पाने खाऊ नयेत. जुनी पिवळी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, नवा फुटवा हिरवा आला की उपाय लागू पडला.

खालची जुनी पाने सगळी फिकट होऊन गळत असतील आणि वाढही मंद असेल तर नत्राची भूक आहे. गांडूळखत आणि पेंडीचे पाणी द्या. खालचीच पाने शिरांच्या मधे पिवळी दिसत असतील तर मॅग्नेशियम कमी पडते आहे. एप्सम सॉल्ट लिटरला २ ग्रॅम, महिन्यातून एकदा, दोन महिने.

सगळे झाड मलूल, माती ओली आणि कुंडीला कुबट वास, हे सर्वात वाईट लक्षण. इथे खत किंवा फवारणी काहीही देऊ नका. झाड कुंडीतून काढा, काळी आणि मऊ मुळे कापून टाका, पांढरट घट्ट मुळे ठेवा, कोरड्या नव्या मिश्रणात लहान कुंडीत लावा, फांद्या एक तृतीयांश छाटा आणि सावलीत ठेवा.

पानांची टोके तपकिरी, जळल्यासारखी असतील तर मातीत क्षार साठले आहेत. कुंडीच्या कडेला पांढरी पापडीही दिसेल. कुंडीच्या तिप्पट पाणी एकदाच सावकाश ओतून माती धुवून काढा.

ताक घातल्याने कढीपत्ता खरोखर वाढतो का?

थोडा फायदा होतो. ताक आंबट असते आणि त्यात थोडे नत्र असते, म्हणून पिवळ्या झाडाला कधी कधी ते मानवते. पण खताची जागा ते घेत नाही. एक भाग आंबट ताक, आठ ते दहा भाग पाणी, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मातीत. ताकात मीठ किंवा फोडणी असता कामा नये. घट्ट ताक रोज ओतल्यास मातीवर साय धरते, चिलटे होतात आणि मुळांना हवा मिळत नाही.

चहाचा चोथा धुतलेला, साखर-दूध नसलेला असेल तर आठवड्याला एक मूठ चालेल. अंड्याची टरफले आणि चुलीची राख मात्र टाळा. दोन्हींनी माती अल्कधर्मी होते आणि पिवळेपणा वाढतो.

खताचे वेळापत्रक काय ठेवावे?

पानांसाठी झाड, म्हणजे नत्र महत्त्वाचे. १४ इंची कुंडीला फेब्रुवारी ते ऑक्टोबर दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत. अधूनमधून शेंगदाणा किंवा मोहरीची पेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून, कुंडीमागे अर्धा लिटर. जमिनीतल्या मोठ्या झाडाला वर्षातून एकदा, जूनमध्ये, १५-२० किलो शेणखत बुंध्यापासून दीड फूट लांब गोलाकार चर काढून घालावे. नोव्हेंबर ते जानेवारी खत बंद.

थंडीत पाने गळून गेली. झाड मेले का?

बहुधा नाही. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली जात राहिले की कढीपत्ता वाढ थांबवतो आणि पाने टाकतो. नखाने साल किंचित खरवडून पाहा, आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा आणि वाट पाहा. लोक घाबरून याच काळात पाणी-खत वाढवतात, आणि झोपलेली मुळे कुजतात. फेब्रुवारीअखेर वाळलेली टोके छाटली की फूट येते.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी हलते आहे!

ती फुलपाखराची अळी आहे. लिंबाचे फुलपाखरू आणि त्याचे काही भाऊबंद कढीपत्त्यावर एक-एक अंडे घालतात. अळी लहानपणी काळी-पांढरी असते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचल्यावर डोक्यामागून दोन शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते, पण माणसाला त्रास देत नाही. मोठे झाड तीन-चार अळ्या सहज पोसते, तेव्हा राहू द्याव्यात. फूटभर रोप मात्र दोन अळ्या दोन दिवसांत उघडे करतात. त्या उचलून मोठ्या झाडावर किंवा रानातल्या कामिनीवर सोडा. फवारणीची गरज नाही.

कोवळे शेंडे वाकडे आणि चिकट झाले आहेत, पाने काळी पडली आहेत.

काळा थर ही बुरशी, विदर्भातले संत्रा बागायतदार तिला कोळशी म्हणतात. ती रस शोषणाऱ्या किडींच्या चिकट स्रावावर वाढते, म्हणून मारायचे त्या किडीला. शेंड्यावर तिरके, शेपूट वर करून बसलेले बारीक तपकिरी किडे म्हणजे सायला. देठांवर कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. फांदीवर घट्ट चिकटलेले टिपके म्हणजे खवले कीड.

शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. खवले जुन्या टूथब्रशने घासा. मग कडुनिंबाचे तेल ५ मिलि, पातळ साबण १ मिलि, पाणी एक लिटर, असे घुसळून सूर्य कलल्यावर पानांच्या खालून फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. एका फवारणीत काम होत नाही, अंडी उरतात. शेवटच्या फवारणीनंतर आठवडाभर पाने वापरू नका. मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या गोड स्रावासाठी या किडींची राखण करतात. खाण्याच्या झाडावर रासायनिक कीटकनाशक घरी वापरू नये, हे आमचे ठाम मत आहे.

शेजारी लिंबाचे झाड आहे. चालेल?

चालेल, पण दर आठवड्याला शेंडे पाहावे लागतील. सायला लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवते आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या फुटीवर तिची पैदास होते. जिथे संत्रा-मोसंबीची बाग आहे तिथे बांधावर कढीपत्त्याची रांग लावू नये.

फुले आली आहेत, ठेवू की खुडू?

पाने हवी असतील तर कळी दिसताच खुडा. फुलोरा शेंड्यालाच येतो, म्हणजे त्या फांदीची पानांची वाढ तिथे थांबते. बी हवे असेल तर एक-दोन फांद्यांवर राहू द्या, फुलांना सुगंध छान असतो. पिकलेल्या फळाचा गर गोडसर लागतो, पण आतले बी खाऊ नये, ते विषारी मानतात. लहान मुले असतील तर फळे काढूनच टाका.

कुंडीतली माती कधी बदलावी?

दर दोन-तीन वर्षांनी, जूनच्या पहिल्या पावसानंतर. मुळांचा गड्डा काढून बाहेरची आणि तळाची इंचभर मुळे कापा, तितक्याच प्रमाणात फांद्या छाटा, त्याच कुंडीत नवे मिश्रण भरून लावा. हिवाळ्यात हे काम करू नये.

परदेशात भारतातून रोप किंवा पाने नेता येतात का?

रोप नेऊ नका. अमेरिकेत ताजी पानेसुद्धा प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. कारण वर आलेलीच सायला आणि ग्रीनिंग. फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या संत्र्यांच्या राज्यांत रोपे एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावरही निर्बंध आहेत. स्थानिक परवानाधारक नर्सरीतून रोप घ्या.

थंड देशांत झाड कुंडीतच ठेवावे. रात्री १२ अंशांखाली जाऊ लागल्या की घरात, दक्षिणेच्या खिडकीत. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानांवर बारीक पांढरट ठिपके आणि जाळी दिसते. आठवड्यातून एकदा झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालची बाजू कोमट पाण्याच्या फवाऱ्याने धुतली तर तो आटोक्यात राहतो. वसंतात बाहेर काढताना पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचे ऊन, मग पूर्ण ऊन. एकदम उन्हात ठेवल्यास पाने भाजतात.

जास्त पाने निघाली तर कशी टिकवावीत?

धुवून पूर्ण कोरडी करा, दांड्यासकट सुती कापडात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. दहा-पंधरा दिवस राहतात. ओली ठेवली की तिसऱ्या दिवशी काळी पडतात. फ्रीझरमध्ये महिने टिकतात, फक्त बाहेर काढून वितळू न देता थेट तेलात टाकावीत. उन्हात वाळवल्यास वास उडतो, म्हणून चटणी-मसाल्यासाठीची पाने पंख्याखाली सावलीतच वाळवा.